ओवून ठेवलेल्या सुया

१२ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुमच्या कारखान्यात गणवेशांचं काम जोरात असेल. समोरचा न्हावी तुमची आठवण काढतो. एवढं बडबडं डोकं पुन्हा हाती लागलं नाही म्हणतो.

तुम्ही दुकान सोडून गेल्यापासून तुमच्या दादांना काटकसरीचं वेड लागलंय. वर्तमानपत्र बंद केलं. का, तर बातम्या न्हावी फुकट सांगतो. सायकल विकली, पंक्चरचा खर्च वाचला. संध्याकाळ झाली की शिलाईचं काम बंद, कारण दिव्याचं बिल येतं. साबणाचे उरलेले तुकडे चिकटवून वापरणारी मी, मला आधी कौतुकच वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, वळण लागलं.

मग संशय आला. एवढं सगळं वाचतंय, तर जातंय कुठे? घरात तर पूर्वीपेक्षा ओढाताण.

राग मानू नका, पण आधी तुमच्यावरच संशय घेतला. भांडण वरवरचं असेल, आतून धाकट्या भावाला पाठवत असतील. मग वाटलं, कुठेतरी बाई आहे. शर्ट हुंगले, खिसे उलटे केले. खडूची भुकटी निघाली.

त्यात मास्तरांची बायको नवऱ्याची पँट घेऊन परत आली. राखाडी पँट, शिवण पोपटी दोऱ्याची.

"अहो, हे काय? पोरं वर्गात चिडवतील ना ह्यांना!"

हे हसले. "उरलेली रिळं संपवतोय, वहिनी. दोरा काय फुकट येतो?"

त्या हसल्या नाहीत. मी गुपचूप पँट उसवून पुन्हा शिवली, आणि मनात म्हटलं, माणूस इतका चिकट कसा झाला?

आणखी एक नियम आहे. दुकान बंद करताना सगळ्या सुया मी ओवून उशीत टोचून ठेवायच्या. का, तर सकाळचा त्यांचा वेळ वाचतो. इतके दिवस निमूट ओवत होते.

सोमवारी मुद्दाम ओवल्या नाहीत. म्हटलं, चिडले की तोंडातून काहीतरी निसटेल. पडद्याआड उभी राहिले. त्यांनी सुई उचलली, दोरा ओठांत ओला केला, टोक वळलं. दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. पुन्हा तसंच. दारात जाऊन सुई उजेडात धरली. पुन्हा बाजूनेच. दुसरी सुई घेतली, जणू पहिलीचंच काही चुकत होतं. शेवटी दोन्ही उशीत टोचल्या, दार लावलं आणि आत येऊन म्हणाले, "आज दुकान बंद ठेवू. वीज वाचेल."

भाऊजी, सकाळची वेळ होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

बाई निघाली असती, तर भांडता तरी आलं असतं.

बचत कधी नव्हतीच. बारीक काम "दोरा फार जातो" म्हणून परत पाठवतात, आणि अभ्रे, पडदे तेवढे घेतात. डॉक्टरचं नाव काढलं की "फी कशाला घालवायची?" मी पाहिलं, हे त्यांना ठाऊक नाही. सुया पुन्हा ओवून ठेवते.

तुमची शिवण त्यांनी गिऱ्हाइकासमोर टराटरा उसवली, तेव्हा मी तिथेच होते. त्याबद्दल ते एक शब्द काढणार नाहीत. तरी या. मी बोलावलं असं सांगू नका. म्हणा, तिकडचं भाडं परवडत नाही. मग एक दिवस म्हणा, मला चष्मा करायचाय, दादा, सोबत चल. दोघांचं एका खेपेत झालं तर गाडीभाडं वाचेल. काटकसरीचं कारण दिलंत, तर त्यांना नाही म्हणता येणार नाही.

उत्तर पाठवू नका. टपाल तेच घेतात, आणि हल्ली वाचायला माझ्या हातात देतात. तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवताना मला खोटं बोलावं लागेल.

तुमचं मशीन झाकून ठेवलंय. काल तेल दिलं.

तुमच्या वाटणीची एक सुई जास्त ओवून ठेवणारी,
वहिनी