बोरीला येण्याआधी

गंगाखेड
१८ जानेवारी

ती. अक्का,

शरणू शरणार्थी. बोरीला, माहेरी तुमच्या आईंचे गुडघे आता बरे असतील. तुमच्या हाताचं प्लास्टर निघाल्याचं मोठ्या भावजींनी सांगितलं. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

इकडे सगळं ठीक. दारापुढचा ऊस तोडून नेला आणि भावजींनी तिथे हरभरा पेरला. लोक हसले, "कारखान्याच्या तोंडाशी रान, अन् हरभरा का लावलास बसवराज?" भावजी म्हणाले, "डॉक्टरनं गोड कमी करा म्हणलंय." आता ओसरीवरून थेट बांधापर्यंत दिसतं. हे भिंतीला पाठ न लावता, मोकळे बसून जेवतात.

त्या दुपारबद्दल मी तुमच्याशी एकदाही बोलले नाही. जनावरांसाठी वाढ्यांचा भारा घेऊन तुम्ही उसातून अचानक बाहेर आलात आणि ह्यांनी तुम्हाला खाली पाडून हात पिरगाळला. "शिवाप्पा, मी हाय रे, वैनी!" तुम्ही ओरडत होतात. ह्यांना ऐकूच जात नव्हतं.

दवाखान्यात तुम्ही सांगितलंत, "बांधावरून घसरले." आणि कण्हत कण्हत माझ्या कानात, "त्याला येडा म्हणू देऊ नको लोकायला." ते ऐकलं नसतं, तर ह्यांना परभणीच्या डॉक्टरांकडे नेण्याचं बळ मला आलं नसतं, अक्का.

तिथेच प्रथम कळलं. हे फौजेत असताना काश्मीरात मक्याच्या शेतातून असाच एकजण बाहेर आला होता. ह्यांचा जोडीदार गोपाळ ह्यांच्या शेजारीच मारला गेला. आमच्या संसारात हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

परवा पारावर कुणी तुमची चौकशी केली. हे म्हणाले, "वैनी घसरली न्हाई. मीच हात मोडला. मला आजार हाय, इलाज चालू हाय."  घरी येऊन म्हणाले, "आता माझ्यापायी वैनीला खोटं बोलायला नको."

सोमवारी हे बोरीला तुम्हाला न्यायला येतील. एकटेच, भर दुपारी, रस्त्यापासूनच हाक मारत. तुमचं मन घेत नसेल तर दार उघडू नका. हे तसेच माघारी येतील. मी तसं बोलले तेव्हा म्हणाले, "भीती काय असती, मला ठाव हाय."

दार उघडलंत तरी, न उघडलंत तरी,

तुमचीच
महेश्वरी