बसचा रॉड

११ जानेवारी २०२५, शनिवार

घाटात सारजा ओरडली. सोनालीच्या वेळी बाळंतपणात सुद्धा तोंडातून आवाज काढला नव्हता तिनं.

बार्शीहून केमो घेऊन येत होतो. ती कॅबिनमधल्या मागच्या फळीवर आडवी, डोकं लेकीच्या, सोनालीच्या मांडीवर. आजार हाडांत गेल्यापासून तिला बसवत न्हाय, मोटारीत पाय लांब करता येत न्हाईत. म्हणून आपलाच ट्रक. तुळजापूरच्या घाटात वळण आलं, गाडी कलली अन् सगळा भार तिच्या दुखऱ्या कमरेवर गेला. मी तर बैलगाडीच्या चालीनं चालवत होतो.

अणदूरला घरी आल्यावर म्हणाली, "तुमचा काय दोष? गाडीच तशी."

गाडी तशीच आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत. पण माल कधी तक्रार करीत न्हाय.

१२ जानेवारी

सकाळी गाडीखाली झोपून बघितलं. पुढच्या एक्सलपाशी आडवा स्टॅबिलायझर रॉड असतो – वळणावर गाडी कलायला लागली की आवरून धरतो तो. आपला बारीक आहे. त्याला धरणारे रबरी बुश पार फाटलेले. नुसते बुश बदलले तरी थोडा फरक पडेल. मला थोडा नको.

१५ जानेवारी

सोलापूरला जैनोद्दीनभाईच्या भंगार यार्डात गेलो. जुनी ओळख. कशाला पाहिजे ते सांगितलं, तर हातातला चहा खाली ठेवून उठला. उन्हात दोघं गाड्यांचे सांगाडे बघत फिरलो. शेवटी आपल्याच चासीची एक बस सापडली, पुढून चेपलेली. खालचा रॉड मात्र सरळ. आपल्यापेक्षा चांगलाच जाड.

"बसमधी माणसं बसतात भाऊ," जैनोद्दीन म्हणाला. "म्हणून जाड देतेत."

ब्रॅकेट अन् लिंकसकट काढून घेतला. बुश मात्र भंगारातले देईना. "रबर नवंच टाका." अन् आणखी एक सांगितलं – "कलणं थांबेल, पण जाड रॉड खड्ड्यात कडक लागतो. एका चाकाचा दणका दुसऱ्याकडं बी जातो."

ऐकलं. पण माझ्या डोक्यात घाटच होता.

१७ जानेवारी

सारजानं आज अर्धी भाकरी खाल्ली.

१९ जानेवारी, रविवार

दिवसभर गाडीखाली. ब्रॅकेटची भोकं जुळेनात, एक वाढवून घ्यावं लागलं. सोनालीनं सारजाची बाज अंगणात आणून टाकली. सोनाली सास्तूरला दिलेली. आईसाठी येऊन राहिलीय. सासरचे काही बोलत न्हाईत, पण किती दिवस?

सारजा उन्हात पडून माझे पाय बघत होती. पायच तेवढे बाहेर.

"अवं, जरा बाहेर येता का? बोलायचं होतं."

"एवढा बोल्ट होऊ दे."

पुन्हा काहीतरी म्हणाली. मी ग्राइंडर चालू केला होता. बाहेर आलो तर तिचा डोळा लागलेला.

जॅक काढून, गाडीचं वजन चाकावर घेऊन सगळं पक्कं आवळलं. गावाबाहेरच्या वळणावर नेऊन बघितली. गाडी दगडासारखी. किती दिवसांनी बरं वाटलं.

२५ जानेवारी, शनिवार

बार्शी. घाटात गाडी जराही कलली न्हाय. आरशातून सारजाकडं बघितलं. हसली. "लई चांगलं केलंत."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यानं आजार जाणार नाही. थोडे दिवस मिळतील. तेही सांगता येत नाही." मी म्हणालो, मिळतील तेवढे मिळू द्या. पुढची तारीख घेतली.

२६ जानेवारी

सोनाली चुलीपाशी रडत होती. काय झालं विचारलं. सांगेना. मग एकदम म्हणाली, "दादा, घाटात बरं होतं. पुढं खड्ड्यांच्या रस्त्याला आईनं पदर तोंडात कोंबला होता. प्रत्येक दणक्याला. मला म्हणली, दादांना सांगू नको, लई खपलेत ते."

जेवलो न्हाय. जैनोद्दीननं सांगितलं होतं.

सारजापाशी जाऊन बसलो. तिच्या पायावर हात ठेवला. पाय केवढे हलके झालेत.  तिनं विचारलं, "जेवलात का?"

२९ जानेवारी

पुन्हा यार्ड. जैनोद्दीनला सगळं सांगितलं. "सांगितलं होतं मी," असं तो म्हणाला न्हाय. दुसऱ्या एका ट्रकचा मधल्या जाडीचा रॉड काढला अन् स्वतःच माझ्याबरोबर अणदूरला आला. त्याच्या घरून ताहेराबीभाभींनी सारजासाठी शिरखुर्मा दिलेला. सारजानं दोन चमचे खाल्ला, जैनोद्दीन बघत होता म्हणून.

अंधार पडायच्या आत बसला रॉड. आता वळणाला बी सावरेल, खड्ड्याला बी सोसेल. जैनोद्दीन जाताना दारात थांबला. सारजाकडं बघून नुसती मान हलवून गेला.

७ फेब्रुवारी

उद्या बार्शी. फळीवर आणखी एक गादी टाकली. हवा थोडी कमी केली चाकांची. जेवढं सुचलं तेवढं केलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

घाट गेला, खड्डे गेले. आरशात बघितलं, सारजाचा पदर तोंडात नव्हता. बार्शीत दवाखान्याकडं वळायला इंडिकेटर दिला, तशी म्हणाली, "सरळ घ्या."

"सरळ कुठं?"

"सोनारीला. माझ्या भावाकडं."

"अगं, डॉक्टर…"

"रस्त्याचा त्रास सोसला असता मी. मला दवाखान्यातच जायचं नव्हतं. तुम्ही गाडीखाली एवढे खपत होता. मग कसं म्हणू, नको?"

सोनालीनं तोंड फिरवलं. मागून हॉर्न वाजायला लागले.

इंडिकेटर बंद केला. गाडी सरळ घेतली.