मामाचं पातळ झालेलं रक्त

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना मांडीत गोळा आला, त्यामुळे नमस्कार अर्ध्यावरून परत आणला आहे. पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण त्या ‘सर्व’मध्ये मला धरू नकोस. खरं तर फोनच केला असता. पण मी फोन हातात घेतला की तुझी लेक शेजारी येऊन उभी राहते, आणि जे सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच आहे.

भिंगरीला शिकायला आमच्याकडे ठेवलीस तेव्हा मला वाटलं, पोर आपली पुस्तकं वाचील, अडलंनडलं तर मामाला विचारील. तिला माझा सल्ला नको, ताई, तिला माझं रक्त हवंय. हे मी उगाच फुगवून सांगत नाही. जीव जाईस्तोवर व्यायाम करायचा, थांबायचं, पुन्हा करायचा, असं केलं तर रक्तातल्या पाण्याचं काय होतं, हा तिच्या संशोधनाचा विषय आहे. (जगात एवढे विषय पडलेत, पण नाही.) त्यासाठी तिला पन्नाशी उलटलेली, तब्येतीने ठीकठाक आणि वर्षानुवर्षं अंग न हलवलेली माणसं हवी होती. हे ती जेवताना बोलली, आणि ती व तुझी भावजय दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस दिवसभर स्टुलावर बसतो, हे मान्य. पण म्हणून घरच्यांनी असं बघायचं? आणि मी मूर्खासारखा ‘हो’ म्हणालो, कारण तोंडात घास होता आणि मान हलवणं सोपं होतं.

तिची प्रयोगशाळा कॉलेजच्या तळमजल्यावर आहे. तिथे गेल्यागेल्या आधी खुर्चीत अर्धा तास गप्प बसवतात. उठायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. नुसतं उभं राहिलं तरी रक्तातलं पाणी इकडचं तिकडे होतं म्हणे, आणि मग सगळे आकडे चुकतात. या कामात मात्र मी सगळ्यांना मागे टाकलं, हे तुला अभिमानाने सांगतो. बाकीची मंडळी चुळबुळ करत होती. मी असा बसलो की तिच्या मोठ्या मॅडमनी दोनदा वाकून माझा श्वास चालू आहे ना ते पाहिलं. त्यानंतर अंगावरचे कपडे उतरवून वजन, आणि मग सुई. सुईला मी भीत नाही, हे तू जाणतेसच. मी फक्त त्या वेळी खिडकीबाहेर बघतो, आणि त्या खोलीला खिडकी नसल्यामुळे डोळे मिटून घेतो.

मग ती सायकल. ताई, जी सायकल कुठेच जात नाही तिच्यावर माणसाने एवढं का दमावं, हे मला अजून कळलेलं नाही. अर्धा मिनिट जीव तोडून पाय मारायचे, मग थोडा वेळ रमतगमत, की पुन्हा अर्धा मिनिट. भिंगरी कानाशी ओरडत असते, “मामा, थांबू नकोस, अजून, अजून!” आपली ही पोर लहानपणी माझ्या खांद्यावर झोपायची, यावर माझाच विश्वास बसेना. आणि अर्धा मिनिट केवढा असतो हे मला कोणी शिकवू नये. माझं आयुष्य गेलं त्यात. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ चक्क मागे पडतंय. तसं मी सायकलवरूनच सांगितलं, उघडून बघायची तयारीही दाखवली, तर मॅडम म्हणाल्या, “बोलताय म्हणजे अजून ताकद आहे,” आणि चाक आणखी जड केलं.

दुसऱ्या खेपेला जे झालं त्यात माझा दोष नाही. व्यायामानंतर पुन्हा वजन करतात, घामावाटे पाणी किती गेलं ते कळावं म्हणून. तोवर पाण्याचा थेंब प्यायचा नाही, असा नियम. माझ्या घशाला कोरड पडलेली. बाथरूमला जाऊन येतो म्हणालो, बाहेरच्या नळाला तोंड लावलं आणि पोट भरेपर्यंत प्यायलो. परत येऊन काट्यावर उभा राहिलो, तर घाम निथळतोय आणि वजन वाढलेलं! भिंगरीने काटा बदलून पाहिला, मग मला उतरवून स्वतः उभी राहून पाहिलं. शेवटी तिने माझ्या ओल्या मिशीकडे बघितलं आणि ती नुसती खाली बसली. ती सबंध खेप फुकट गेली आणि मला पुन्हा करावी लागली. एका तहानेची एवढी शिक्षा कोणाला झाल्याचं ऐकलं आहेस?

पण हे सगळं मी सोसलं असतं. खरी गोष्ट पुढे आहे. सायकलवरून उतरल्याबरोबर रक्त काढलं ते दाट निघालं. त्यातलं पाणी म्हणे शिरांतून निघून मांड्यांत जाऊन बसलं होतं. (गोळा का येतो ते आता कळलं.) बरं, दाट तर दाट. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं, तर पहिल्यापेक्षाही पातळ! हिमोग्लोबिनचा आकडा सरळ खाली. दूधवाल्याने जे केलं तर आपण त्याला दारात उभं करत नाही, तेच माझं शरीर माझ्याशी करतंय. आणि भिंगरीला काय व्हावं? आनंद! टाळ्या वाजवल्या तिने. म्हणाली, “मामा, रक्त कमी नाही झालं रे, त्यातलं पाणी वाढलंय. शरीर पुढच्या वेळची तयारी करतंय.” पेल्यात पाणी घेऊन तिने त्यात शर्टाची बटणं टाकली, वर आणखी पाणी ओतलं आणि विचारलं, “आता सांग, बटणं कमी झाली का?” बटणं तेवढीच होती. पण ताई, तो पेला म्हणजे मी होतो. मी गल्लीतल्या डॉक्टरांकडे आकडा दाखवायला गेलो. त्यांनी सायकलचं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या भिंगरीने जप्त केल्या, कारण म्हणे त्यानेही आकडे बिघडतील.

आता शुक्रवारी शेवटची खेप आहे. मी गेलो नाही तर माझे आधीचे सगळे आकडे बाद होतील, गटात एक माणूस कमी पडेल आणि मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे पोरीला नवा माणूस शोधून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. तिचं वर्ष जाईल. हे मला कळत नाही असं नाही. मी एका पायावर तयार आहे. पण तुझी भावजय! ती काही ऐकायलाच तयार नाही. “यांच्या अंगात रक्त उरलं नाही, मी यांना पाठवणार नाही,” असं म्हणून तिने दार अडवलं आहे. बायकोच्या मायेपुढे कोणाचं चालतं? तेव्हा माझा नाइलाज आहे, एवढं तू समजून घे.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक लहानसं काम होतं. भिंगरीला तूच फोन करून सांग की मामाला शुक्रवारी जमणार नाही. आपल्या घराण्यात सगळ्यांचं रक्त मुळातच पातळ असतं, असं काहीतरी सांग. मी सांगायला गेलो की ती माझ्याकडे बघते, आणि मग मला बोलता येत नाही.

ता. क. : वन्सं, नमस्कार. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून वाचलं. (चिकटवलेलं असतं तरी वाचलं असतं.) मी कोणाचं दार अडवलेलं नाही. उलट रोज सांगतेय, जा म्हणून. पोरीने मला एकदा समजावलं आणि मला कळलं. हेच पांघरूण घेऊन पडलेत, आणि अंगात रक्त उरलंय ना म्हणून दर तासाला मला यांच्या पापण्यांची आतली बाजू लाल आहे का ते बघावं लागतं. पोर स्वयंपाकघरात येऊन रडते, पण यांना एका शब्दाने बोलत नाही. तुमचा शब्द हे मोडत नाहीत, तेव्हा फोन करा, पण यांना करा. आणि एक. पुढच्या महिन्यात तिला बायका हव्या आहेत. मी नाव दिलंय. यांना अजून सांगितलेलं नाही.

ता. क. : ताई, पाकीट अजून उघडंच दिसलं, म्हणून हिने लिहिलेलं आत्ता वाचलं. वरचं सगळं रद्द समज, फोन कोणालाच करू नकोस. शुक्रवारी मी जातोय. त्या सायकलवर हिला बसवायच्या आधी एकदा शेवटपर्यंत जाऊन माणूस घरी धड परत येतो की नाही, ते मला बघायला हवं. भिंगरीला मी आत्ताच जाऊन तसं सांगितलं. तिने मला मिठी मारली आणि लगेच रात्री काय खायचं नाही ते सांगायला लागली. तिला एक तेवढं मी सांगू शकलो नाही, ते तू सांग : हिचं रक्त काढतील तेव्हा मला खोलीबाहेर बसवायचं. माझं मी डोळे मिटून निभावलं. हिचं काढतायत म्हटल्यावर मला डोळे मिटता यायचे नाहीत.