मंगळवारची दुभाषी

पेन यान, न्यूयॉर्क
२५ एप्रिल १९९३

प्रिय डोरीन,

बरी आहेस ना? तुझ्या हॅरल्डचा गुडघा काय म्हणतो? इकडे ठीक चाललंय. कारखान्यात शाळेच्या बाकांचं मोठं काम आलंय, संध्याकाळी कपडे झटकले तरी भुसा निघतो. परसात रुबार्बचे आंबट देठ वर आलेत, हवे तेवढे काप. आणि हो, मी प्यायलेलो नाही. पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी तेच तुझ्या मनात आलं असणार.

दोन रस्ते पलीकडे राहणाऱ्या बहिणीला पत्र कशाला, म्हणशील. समोर बसलो की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझे हात उत्तर द्यायला लागतात. कागदावर तुला मला अडवता येत नाही.

काल मासे पकडायला जातो म्हणालो, पण गेलो नव्हतो. बसने रॉचेस्टरला गेलो होतो. तिथे दारू सोडलेल्यांची एक बैठक भरते, फक्त बहिऱ्यांची. सगळं हातांनी, दुभाष्याशिवाय.

तिची माहिती मला पुष्कळ वर्षांपासून होती. टाळत होतो. बहिऱ्यांचं जग केवढंसं, तिथे आमच्या शाळेतलं कुणीतरी भेटणारच. आणि भेटलाच. दारातच व्हर्नन उभा, माझ्या पुढच्या वर्गातला, सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या छापखान्यात केलेला. म्हणाला, "आलास एकदाचा? तुझी खुर्ची पुसून पुसून आम्ही दमलो."

मी म्हटलं, "इथलं बाहेर जात नाही ना?"

"तुझं पिणं बफेलोपर्यंत सगळ्या बहिऱ्यांना ठाऊक आहे," तो म्हणाला. "न पिणं तेवढं आपल्यात ठेवू."

दिवे लख्ख, खुर्च्या गोल मांडलेल्या. डोरीन, मला सगळं कळत होतं. कोण हसलं, का हसलं, आणि मीही त्यांच्याबरोबरच हसत होतो, नंतर नाही.

आपल्या मंगळवारच्या, ऐकू येणाऱ्यांच्या बैठकीला मी नावं ठेवत नाहीये. अख्खा हिवाळा तू मला नेलंस. दिवसभर दवाखान्यात उभं राहायचं, मग बर्फातून गाडी चालवायची, आणि वर तासभर त्यांचं मला हातांनी, माझं त्यांना तोंडाने सांगत बसायचं. तू नसतीस तर मी त्या चर्चच्या तळघराच्या पायऱ्याही उतरलो नसतो. आज सुधारायला माझ्यात जे काही शिल्लक आहे ते त्या मंगळवारांमुळे आहे.

पण फेब्रुवारीत एकदा मी जानेवारीतल्या त्या गोठलेल्या तळ्याचं सांगितलं. पिऊन बर्फावरून चालत गेलो, परत यायचं नाही असं ठरवून गेलो, एवढं सगळं. तू माझ्या हातांकडे बघितलंस, क्षणभर थांबलीस, आणि लोकांकडे वळून बोललीस. एकाचाही चेहरा बदलला नाही. पुढच्या मंगळवारी त्या मिशीवाल्या रसेलने मला लोकरीचे हातमोजे आणून दिले. सोबत चिठ्ठी: 'पुन्हा वाट चुकलास तर निदान हात गारठायला नकोत.'

तू काय सांगितलं होतंस ते मला तेव्हा कळलं.

राग आला नाही. खरं सांगायचं तर आधी हसूच आलं, रसेल बिचारा इतका मनापासून देत होता. मग विचार केला. मी जे बोलतो ते तू 'मी' म्हणून बोलतेस. म्हणजे मला मरायचं होतं, हे भरल्या खोलीत तुला तुझ्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. कुठल्या बहिणीला जमेल ते?

काल तेच पुन्हा सांगितलं. या वेळी सगळ्यांचे हात थांबले. मग लुसिल नावाची एक फटकळ म्हातारी आहे, तिने विचारलं, "मग परत कसा आलास?"

हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारायची गरज नव्हती, तू तिथेच होतीस.

मी तिला सांगितलं. अंधारून आलं होतं. पाठीमागून बर्फावर उजेड पडला, गेला, पुन्हा पडला. आई मला जेवायला बोलवताना खोलीतला दिवा लावायची-विझवायची, अगदी तसा. वळलो तर काठावर तुझी गाडी. तू दिवे लावत होतीस, विझवत होतीस, मी काठाला लागेपर्यंत तू थांबली नाहीस. मग घोंगडं, घरी गरम सूप, आणि दोघांचेही हात मांडीवर. त्यानंतर तो विषय आपण कधी काढला नाही.

"बहिणीचे आभार मानलेस?" लुसिलने विचारलं.

"नाही."

"मग इथे बसून आम्हाला काय सांगतोस? घरी जा." मी उठलो तर बाही ओढून म्हणाली, "केक खाऊन जा. तो मी केलाय."

म्हणून हे पत्र. डोरीन, त्या संध्याकाळी मला शोधत आलीस, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. हे मी जानेवारीतच म्हणायला हवं होतं. जगलो याचं मला बरं वाटतंय. काल बसमधून परत येताना पहिल्यांदाच तसं वाटलं, आणि ते आधी तुला सांगावंसं वाटलं.

आता मंगळवारी मला न्यायला येऊ नकोस. मी शनिवारी रॉचेस्टरला जात जाईन. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझे मंगळवार संपले असंही समजू नकोस. त्याच चर्चमध्ये, त्याच वेळी, वरच्या खोलीत घरच्यांची बैठक असते, पिणाऱ्यांच्या बायका, नवरे, आईबाप, बहिणी. तिथे जा. इतकी वर्षं तू माझं बोललीस. तिथे तुझं बोल. गाडीत बसून दिव्यांचं ते बटण दाबताना तुझ्या मनात काय चाललं होतं, मला ठाऊक नाही. तिथे ते सौम्य करून सांगू नकोस. आणि जमेल तेव्हा मलाही सांग. मी मध्ये हात घालणार नाही.

हॅरल्डला नमस्कार.

तू बोलावलंस म्हणून परतलेला
तुझा भाऊ
लेलंड