बांधावर बसून बघ

नाशिक

ती. आईस, तुझ्या सविताचा नमस्कार.

फिजिओथेरपीच्या कामात मी छान रुळलेय. फोनवर तू नुसतं ‘बरंय’ म्हणतेस, म्हणून लिहितेय. हे धनराजदादाकडून वाचून घे.

भात लावताना तुझी मांडी मागून लचकली, हे त्यानेच सांगितलं. लचक काढायला म्हणून भागीमावशीला पाय ओढू देऊ नकोस. तिथला स्नायू खुबा आणि गुडघा, दोन्ही सांध्यांवरून जातो. गुडघे ताठ ठेवून वाकलं की तो दोन्हीकडून ताणला जातो आणि वरच्या बाजूला दुखावतो. बसताना फार दुखतं का गं?

रविवारी मी येतेय. मला वाकावं लागू नये म्हणूनच तू शिकवलंस, ठाऊक आहे. पण यंदा तुझ्या वाट्याचं मी वाकेन. तू बांधावर बसून माझे गुडघे सैल आहेत का, तेवढं बघ.

तुझीच,
सवी