बंधारा फोडण्याचा माझाच अर्ज रखडवण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
ओढे व लहान बंधारे विभाग.

विषय: बुधवारी होणारे बंधारा फोडण्याचे काम थांबवणेबाबत.
संदर्भ: १) माझा मागील अर्ज. २) तो मंजूर झाल्याचे आपले पत्र, जे अनपेक्षितपणे लवकर मिळाले.

महोदय,

मी आपल्या कार्यालयाच्या पाट्या रंगवणारा पेंटर. ओढ्यातल्या बोटभर मूळ माशांना वरच्या अंगाला जाता यावे म्हणून जुना बंधारा फोडावा, असा अर्ज मीच केला होता. त्यासाठी आपल्या जिन्यात ठिय्या दिला, ‘माशांची वाट मोकळी करा’ असा फलकही स्वखर्चाने रंगवला. आता यंत्र येत आहे. माझा हा विजय आपण कृपया मागे घ्यावा.

कारण असे की, हौसेने गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाने बंधाऱ्याखाली बाहेरून आणलेले मोठे मासे सोडले आहेत. माझ्या आंदोलनाला मंडळाचा जाहीर पाठिंबा होता. तो इतका मनापासून का, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. परवा त्यांनी त्यातला एक मासा मला भेट दिला. पत्नीने तो चिरला, तर पोटात पाच मूळ मासे निघाले. (मोठा मासा आम्ही खाल्ला. तो चविष्ट होता, हे खेदाने नमूद करतो.)

त्यानंतर मी प्रथमच पाण्यात उतरलो. तोवर माशांची बाजू काठावरूनच मांडत होतो. बंधाऱ्याखालचे दगड उलटून पाहिले, एकही लहान मासा दिसला नाही. वरच्या डोहात मात्र ते आहेत. मोठ्यांना बंधारा चढता येत नाही, म्हणूनच आहेत. पत्नीचे म्हणणे असे की, ज्यांच्यासाठी मी दार उखडायला निघालो ते आधीच घरात आहेत आणि बाहेर फक्त खाणारा उभा आहे. मला रात्रभर झोप लागली नाही.

सबब विनंती की,

१. बंधारा फोडू नये.
२. बाहेरचे मासे सोडण्यास मंडळाला मनाई करावी.
३. मंजूर काम थांबवणे नियमात बसत नसल्यास, माझ्या फाइलला आपल्या कार्यालयाची नेहमीची वागणूक मिळावी. माझा गटाराचा अर्ज ज्या कपाटात आहे तिथे अजून भरपूर जागा आहे. ते कपाट मीच रंगवले आहे.

इतके करूनही यंत्र आलेच, तर मी बंधाऱ्यावर बसलेला आढळेन. हातात तोच फलक असेल. त्याची मागची बाजू मी आज रंगवली आहे.

आपला नम्र आणि तोंडघशी पडलेला,
(सही)
पाट्यांचा पेंटर
सोमवार

सोबत: पाच मासे असलेली बरणी. (बरणी पत्नीची आहे, परत मिळावी.)