एका फुटाला अर्धा इंच

मी, रघुनाथ गोविंद कळंबे, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त राजस्व निरीक्षक, राहणार पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा, मध्य प्रदेश, आज माझ्या घराच्या समोरच्या खोलीत बसून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही आणि चहाखेरीज काही पाजलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसा कागद कोणी पुढे आणलाच, तर तो खोटा समजावा.

नोकरीची पहिली बरीच वर्षे मी पटवारी होतो. सौंसर, रामाकोना, बोरगाव या बाजूची शेते मी जरीब ओढून मोजली आहेत. बाप जाऊन तेरवी होते न होते तोच भाऊ-भाऊ शेताच्या धुऱ्यावर एकमेकांची गचांडी धरून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. अशा घरांतला बाप बहुतेक वेळा "पोरे समजदार आहेत" असे म्हणत गेलेला असायचा. माझ्या घरातलीही माणसे समजदार आहेत, म्हणूनच हा कागद करतो आहे.

आणि कारण एकच आहे, ते आधीच सांगतो. माझा धाकटा मुलगा विनायक १९७९ साली काविळीने गेला. त्याची बायको छाया तेव्हापासून आमच्याजवळ आहे. तिचे आईवडील हयात नाहीत. माझ्यामागे तिला या घरातून कोणी "ऊठ" म्हणू नये, एवढ्यासाठी मी लेखणी उचलली. बाकीची कलमे त्याच्या मागेपुढे येतील तशी येतील.

कलम एक. रामाकोन्याची संत्र्याची बाग, विहीर आणि इंजिनासह, माझा थोरला मुलगा सुरेश याला द्यावी. तो नागपूरला बँकेत आहे आणि त्याला झाडांतले काही कळत नाही, पण त्याची बायको पुष्पा हिला कळते. बागेचा बहार तिला विचारून धरावा.

कलम दोन. पोस्टातली सगळी शिल्लक माझी पत्नी कलाबाई हिची. ती त्यातून जामसांवळीला मारुतीच्या नावाने काय करायचे ते करील. तिने मला त्याचा हिशेब कधी दिला नाही, माझ्यामागेही तिला कोणी मागू नये.

कलम तीन, मोटारी. हे कलम लांबणार आहे. ज्याला घाई असेल त्याने पुढचे वाचावे.

समोरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ज्या लहान मोटारी आहेत त्या मी स्वतः केलेल्या आहेत. त्यांना खेळणी म्हणणारा माणूस माझा वारस असला तरी चुकतो आहे. प्रत्येक मोटार खऱ्या मोटारीवरून मापे घेऊन केली आहे. खरी एक फूट, तर माझी अर्धा इंच. नकाशाला पट्टी असते तशी ही माझी पट्टी. जी मोटार मी डोळ्यांनी पाहिली नाही आणि टेपने मोजली नाही ती मी केली नाही. चित्रावरून करणाऱ्याने खुशाल करावी, मी त्याच्या कपाटाकडे जाणार नाही.

मोजायची जागा म्हणजे रेल्वेचे फाटक. फाटक पडले की नागपूरकडच्या आणि बैतूलकडच्या गाड्या उभ्या राहतात, आणि उभी मोटार म्हणजे माझ्या लेखी शेतासारखीच. मी टेप काढायचो. ड्रायव्हर विचारायचे, "काय मोजून राहिले बाबूजी, टॅक्स वाढवता काय?" मी सरकारी आवाजात "दरवाजा बंद ठेवा" म्हणायचो, आणि ते ठेवायचे. बूड सागवानाचे, वरचा साचा संत्र्याच्या पेटीच्या फळीचा, पत्रा तुपाच्या डब्याचा, टायर झिजलेल्या चपलेच्या रबराचे, काचा दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्मा सोड्यात धुऊन. रंग गॅरेजमधून यायचा, त्यामुळे त्या महिन्यात गावातली मोटार ज्या रंगाची होई त्याच रंगाची माझीही होई.

कपाट वर्षातून एकदा पूर्ण रिकामे होते, तान्ह्या पोळ्याला. त्या दिवशी आमच्या गावी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन काठांची दगडफेक, असते हे वेगळे सांगायला नको. विनायक लहान असताना नजर चुकवून नदीवर गेला आणि कपाळावर गोटा खाऊन आला. पुढच्या वर्षी मी ओट्यावर सतरंजी घातली, सगळ्या मोटारी मांडल्या आणि आळीतल्या पोरांना सांगितले की लाकडी बैल घेऊन इथे यायचे, बोजाऱ्याचे पैसे मिळतील आणि मोटारी जवळून पाहायला मिळतील. तेव्हापासून आमच्या आळीचा तान्हा पोळा माझ्या ओट्यावर होतो. बैलांच्या रांगेशेजारी मोटारींची रांग लागते आणि दोन्हीकडच्या चाकांना कुंकू लागते. माझ्या मोटारींचा ड्युको रंग त्या कुंकवाने खराब होतो, पण त्याबद्दल मी कधी बोललो नाही.

यात शेजारी सुखदेव याचा विषय काढणे भाग आहे. त्याच्या मुलीच्या लग्नात त्याने माझी फिकट निळी फियाट रुखवतात मांडायला नेली. शोभेपुरती नेतो, सायंकाळी आणून देतो, असे म्हणाला. रुखवतात मांडलेले सगळे वरपक्षाचे, असे समजून बोरगावच्या पाहुण्यांनी करंज्या-अनारशांबरोबर फियाटही बांधून नेली. सुखदेव मांडवात उभा राहून पाहत होता, आणि व्याह्याला कसे म्हणू, म्हणून गप्प बसला. ती फियाट पुढे बोरगावच्या अंगणात दोरी बांधून ओढली गेली असे कानावर आले. सुखदेवच्या नातवाला मी ती माफ केली आहे, सुखदेवला नाही. या कागदावर साक्षीदार म्हणून मी मुद्दाम त्यालाच बोलावले आहे, म्हणजे हे कलम त्याला सही करण्यापूर्वी वाचावेच लागेल.

विनायक गेला तेव्हा एक अँबेसेडर अर्धी झाली होती. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आणि हत्यारे गोणपाटात बांधली. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आमचे दार बंद होते. मला कोणाच्याही चाकांचा आवाज नको होता.

एका दुपारी छाया माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात ती अँबेसेडर होती. तिने मला विचारले, "मामाजी, मागची सीट सलग असते का मधून कापलेली?" आत पाहिले तर पुढच्या सीटवर तिने मरून रंगाच्या ब्लाउजपीसचे कव्हर शिवून चढवले होते, खऱ्या सीटला असतात तशा उभ्या शिवणी घालून. मला उत्तर माहीत होते, पण मी माहीत नाही म्हणालो. "चल, पाहून येऊ," म्हणालो आणि टेप घेतला.

पांढुर्ण्याच्या फाटकावर सासऱ्याच्या हातात टेपचे एक टोक आणि विधवा सुनेच्या हातात दुसरे, असे गावाने त्या दिवशी पाहिले. बोलायचे ते बोलले. माझे लक्ष मापांकडे होते. घरी येताना ती हसली नाही, पण तिने चालताचालता सगळी मापे मला पाठ म्हणून दाखवली. त्या दिवशी मला पोटभर जेवण गेले.

तेव्हापासूनच्या सगळ्या मोटारी आम्हा दोघांच्या आहेत. सीटा, पडदे, टपावरची गुंडाळलेली वळकटी आणि बारीक रंगकाम तिचे. म्हणून कपाट, त्यातल्या मोटारी आणि सर्व हत्यारे, म्हणजे बारीक करवती, कानशी, पटाशा आणि छोटा शिकंजा, हे सर्व छायाचे. अपवाद एक. काळी लँडमास्टर सुरेशला द्यावी. तो चारचौघांत तिला खेळणे म्हणतो, पण दर दिवाळीला कपाट उघडून तीच काढतो आणि आपल्या हातरुमालाने पुसतो. मी पाहिले आहे.

कलम चार, घर. हे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते वडिलोपार्जित नाही, तेव्हा त्यावर जन्माने कोणाचा हक्क लागत नाही. समोरची खोली, ओटा, मागचे अंगण आणि विहिरीसह हे घर मी छायाला पूर्ण मालकी हक्काने देतो. कलाबाई हयातभर याच घरात राहील आणि छाया तिला सांभाळील. हे लिहायचीही गरज नव्हती, पण कागद तोंडी विश्वासावर चालत नाही.

आता या कलमावरचा वाद. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला सौंसरच्या शाळेतले एक मास्तर मोटारी पाहायला आले. त्यांची पत्नी काही वर्षांपूर्वी वारली आहे. त्यांचे नाव मी इथे घालत नाही, कारण त्यांनी मला काही विचारलेले नाही. त्यांनी करड्या स्टँडर्ड मोटारीकडे बराच वेळ पाहिले आणि ही मागून बसल्यासारखी वाटते, असे मला म्हणाले. पडद्यामागून छाया बाहेर आली. "बसली नाही. आम्ही पाहिली तेव्हा तिचा स्प्रिंगचा पाटाच मोडला होता. जशी होती तशीच केली." मास्तर हसले. पुढच्या खेपेला त्यांनी एका मोटारीचा आरसा उलट्या बाजूला असल्याचे दाखवले, तो तिने काढून सुलट्या बाजूला लावला. आता ते बहुतेक रविवारी येतात. समोरच्या खोलीचे दार उघडे असते, कलाबाई तिथेच वाती वळत बसते, आणि बोलणे मोटारींचे होते. छाया मला याबद्दल काही म्हणाली नाही आणि मी तिला विचारले नाही. पण रविवारी ती सकाळीच कपाटाच्या काचा पुसते.

सुरेशच्या कानावर हे नागपूरला गेले. दिवाळीला आला तेव्हा त्याने मला बाजूला घेतले. "बाबा, लोकं बोलून राहिले. मोटारी पाहाच्या निमित्तानं तो मास्तर येऊन राहिला, अन् तुम्ही त्याले चहा पाजून राहिले. उद्या हे लग्न करून गेली, तर घर परक्याच्या हाती जाईल." समोरची खोली दुकानाला द्यावी आणि कपाट बंद करावे, असे त्याचे म्हणणे. तो वाईट नाही. त्याला घराची काळजी आहे, आणि घर म्हणजे भिंती असे त्याला वाटते. माझीही निम्मी नोकरी तसे वाटण्यातच गेली.

या कागदाचा पहिला मसुदा आमचे अर्जनवीस पुंडलिकराव यांनी केला. त्यांचा हात चांगला आणि सवय जुनी. चौथ्या कलमात त्यांनी आपोआप लिहिले की, "सदर विधवा सून पुनर्विवाह न करील तोवर घराचा उपभोग घेईल." मी तो मसुदा दोनदा वाचला आणि माझ्या काही लक्षात आले नाही. असे वाक्य मी जन्मभर इतक्या कागदांत वाचले आहे की डोळा त्याच्यावरून सरळ पुढे जातो. कलाबाईला वाचता येत नाही, म्हणून मी तिला मोठ्याने वाचून दाखवायला बसलो, आणि त्या ओळीवर तिने माझा हात धरला.

"हे खोडा. लेक आहे ते आपली, भाडेकरू नाही," ती म्हणाली.

विनायक तिच्या पोटचा. त्याच्या बायकोने पुन्हा कुंकू लावावे की नाही, यावर रडायचा हक्क कोणाला असेल तर तो तिला होता. ती रडली नाही. वात वळत राहिली आणि मी ओळ खोडली का, एवढे तिने पुन्हा विचारले. पुंडलिकरावांनी सबंध कागद नव्याने लिहायला घेतला, पण मी म्हटले की आता माझ्या हाताने लिहितो.

म्हणून स्पष्ट लिहितो. छायाने पुनर्विवाह केला किंवा नाही केला, पांढुर्ण्यात राहिली किंवा सौंसरला गेली, तरी घर तिचे, तिच्यामागे तिच्या लेकरांचे, मग त्यांचे आडनाव काहीही असो. यावर कोणतीही अट नाही. ओट्यावरच्या तान्ह्या पोळ्याचीसुद्धा नाही. ती अट घालण्याचा मला फार मोह झाला, तो आवरला.

कलम पाच. छायाचे लग्न ठरल्यास मी व कलाबाई तिचे कन्यादान करू. मी नसलो, तर ते सुरेशने व पुष्पाने करावे. हे कलम कोर्टात चालणार नाही हे मला माहीत आहे. जे कोर्टात चालत नाही तेच मुलाकडे मागायचे असते. बाकी सारे मी कायद्याने दिले, सुरेश, हे एक तुझ्याकडे मागतो.

हा कागद मी वाचून, समजून, राजीखुशीने साक्षीदारांसमक्ष सही केला.

ठिकाण: पांढुर्णा
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८६, रविवार

(सही) रघुनाथ गोविंद कळंबे

साक्षीदार:
१. (सही) पुंडलिकराव आत्माराम डिगरसे, अर्जनवीस, पांढुर्णा
२. (सही) सुखदेव बळीराम घागरे, शेजारी, पांढुर्णा

वरील कागद बाबांनी मला समोर बसवून सबंध वाचायला लावला. घराबद्दल मला बोलायचे होते, ते आता बोलत नाही. आज मास्तर आले होते, त्यांना पाहून मी दारातूनच आत निघून गेलो नाही, त्यांच्याजवळ बसलो. माणूस बरा आहे. छायाच्या कन्यादानाला मी आणि पुष्पा बसू, पण बाबांनीच बसावे.

(सही) सुरेश रघुनाथ कळंबे